अन् चार वाजता?

गाडी लावायला जागा मिळणं आणि ती काकाजींना पसंत पडणं यांत पांढरकवडा ते नागपूर एवढं, म्हणजे दीडशेएक किलोमीटरचं अंतर आहे. तुमच्याही गाडीत डाव्या सीटवर असे एक काकाजी बसलेले असतीलच.

नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला गेलो. एवढ्या गर्दीत कडुनिंबाखाली जागा सापडली, तेव्हा दर्शनाआधीच देवी पावली असं वाटलं. काकाजी उतरेनात. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"आता हाये सावली. अन् चार वाजता?"

"काकाजी, दहा वाजलेत. अर्ध्या तासात निघू."

"अन् नाही निघालो तं?"

गाडी उन्हात गेली. चारला तिथं सावली येणार होती. आम्ही साडेदहाला निघालो, स्टिअरिंगला रुमाल गुंडाळून.

झाडांबद्दल त्यांची मतं ठाम. बाभळीची सावली म्हणजे पुढाऱ्याचं आश्वासन. पळस नुसता शोभेचा, ऊन वाढायच्या टायमालेच नागवा. आणि 20-21 मेच्या सुमारास आमच्याकडे सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाला सावली उरत नाही, तेव्हा शाळेतली पोरं काठी रोवून गंमत बघतात. काकाजी त्या दिवशी गाडी बाहेरच काढत नाहीत. सुतकच ते.

त्यांची लेक अंदमानात असते. एका एप्रिलच्या विशीत आम्ही दोघं तिकडे गेलो. दुसऱ्या दिवशी विहीणबाई विमानाने येणार, म्हणून जावयाची गाडी घेऊन विमानतळावर. वीर सावरकरांच्या नावाचा तो बेटावरचा विमानतळ. 2023 साली शिंपल्यासारखी नवी इमारत झालीय, पण काकाजींची नजर बाहेरच्या एका भिंतीवर. तिच्या पश्चिमेला गाडी लावून घेतली. "सव्वाबारापर्यंत बिनघोर."

सव्वाअकरालाच सावली संपली. सरकली नाही, चक्क संपली. घड्याळ देशभर एकच. पण ही बेटं इतकी पूर्वेला की तिथली दुपार केळापूरच्या जवळजवळ तासभर आधी होते. वर नेमका तिथल्या बिनसावलीच्या दिवसांचाच मुहूर्त. काकाजींनी घड्याळ कानाला लावलं. मग सूर्याकडे रागाने बघत म्हणाले, "इथला लय घाई करते बे."

विहीणबाई बसल्या आणि लगेच उठल्या. सीट रेक्झिनची होती.

संध्याकाळभर ते गप्प. सकाळी पाहतो तर जावयाच्या अंगणात काठी रोवलेली आणि शेजारी खडूच्या खुणा. बाजारात गाडी लावली, तेव्हा वर बघून म्हणाले, "अन् तीन वाजता?"

माणूस कटकट्या आहे. त्यांच्यासोबत गाडीतून जाणं मी शक्यतो टाळतो. पण खोटं कशाला बोलू, बाबा गेले तो दिवस मे महिन्यातला. घाटावर मोटरसायकल कुठं टाकली, चावी काढली की नाही, काही भान नव्हतं. सगळं आटोपून परतलो तर गाडी जागेवर नाही. ती पलीकडे चिंचेखाली होती. घाटावरचा माणूस म्हणाला, दुपारपासून एक म्हातारा ती ढकलत इकडून तिकडे नेत होता, तीनदा. सीटला हात लावला. गार होती.

चार वाजले होते.

काकाजी झाडामागून आले, चावी माझ्या हातावर आपटली. "चाबी गाडीलेच ठेवतं काय बे? अक्कल हाये का नाही?"