खासदारांचा हजेरीपट

आमच्या नगर जिल्ह्यात खासदार कसा आहे, हे तीन ठिकाणी ठरते: लग्नात, दहाव्याला आणि हरिनाम सप्ताहाच्या काल्याला. अक्षता पडायच्या आत आला तर माणूस चांगला, पंगती उठताना आला तर बरा, आणि मांडव सोडल्यावर आला तर पुढच्या निवडणुकीला बघून घेऊ. दहाव्याला येऊन दोन शब्द बोलला तर अख्खी भावकी बांधली जाते. दिल्लीत तो काय करतो, हे विचारायची आमच्याकडे रीत नाही.

ही रीत मोडायचे मी निवृत्तीनंतर मनावर घेतले. जन्मभर हायस्कुलात मास्तरकी केली. माझ्या शिकवण्याबद्दल गावात दोन मते आहेत, पण हजेरीबद्दल एकच. मागच्या बाकावरून मित्राच्या नावाने ‘हजर, सर’ म्हणणारा पोरगा मी नुसत्या आवाजावरून पकडत असे. असा माणूस घरी बसला की घरच्यांची हजेरी घ्यायला लागतो. सून माहेरून एक दिवस उशिरा आली तेव्हा मी कारण लेखी मागितले. त्या संध्याकाळी सौ. म्हणाली, “अहो, एवढीच हौस असेल तर बाहेरच्या कुणाची तरी हजेरी घ्या.”

बाहेरचे, हक्काचे आणि पगारी असे डोळ्यासमोर एकच नाव आले. खासदार.

सावेडीत आमचा सकाळचा कट्टा भरतो. तिथे मी खासदाराची हजेरी घेण्याची घोषणाच केली. म्हणालो, “माहितीच्या अधिकारासाठी उपोषणे केली ती आपल्या राळेगणसिद्धीच्या अण्णांनी. राज्यात २००२ ला कायदा आला, देशात २००५ ला. मधू दंडवत्यांसारखा संसदपटू जन्मला तो याच नगरात. आणि आपण?” कट्ट्यावरचे एक निवृत्त तलाठी म्हणाले, “दंडवते जन्मले इथं, पण निवडून आले कोकणातून. म्हणजे नगरकर पारखी पहिल्यापासूनच.” मी दुर्लक्ष केले.

संसदेच्या संकेतस्थळावर मी मोठ्या उमेदीने ‘अहिल्यानगर’ शोधले. काही नाही. पुन्हा शोधले. जिल्हाच नाही! दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी जाहीर केले की दिल्लीने आपला जिल्हा गाळला आहे. निषेधाचे पत्र जागीच लिहिले, सगळ्यांनी सह्या ठोकल्या. संध्याकाळी नातवाने पत्र वाचले आणि म्हणाला, “आजोबा, नाव जिल्ह्याचं बदललंय. मतदारसंघ अजून अहमदनगरच आहे.” खरेच होते. लोकसभा निवडून आली २०२४ च्या जूनमध्ये, नामांतरावर केंद्राची मोहोर उठली ऑक्टोबरात. मतदारसंघांची नावे पुनर्रचनेच्या आदेशात असतात आणि तो आदेश २००८ चा. सह्या करणाऱ्या एकानेही पत्र वाचले नव्हते, ही गोष्ट मात्र पुढे संसदेचा अभ्यास करताना फार उपयोगी पडली.

हजेरीपासून सुरुवात केली. लोकसभेत तेव्हा सदस्य नोंदवहीत सही करत आणि ती हजेरी धरली जाई. सही करून कोण किती वेळ बसला, हे तिथे कळत नसे. मास्तर म्हणून मला हे फारच ढिले वाटले. त्यात मंत्र्यांना सही करावीच लागत नसे. बाळासाहेब विखे आणि दिलीप गांधी हे आपले दोघेही वाजपेयींच्या सरकारात मंत्री होते. म्हणजे जिल्ह्याला मंत्रिपद मिळाले म्हणून आपण फटाके उडवायचे आणि हजेरीपटात नेमके तेवढेच पान कोरे.

तरी मी तक्ता केला आणि सोसायटीच्या फळ्यावर, ‘उद्या पाणी उशिरा येईल’ या सूचनेच्या शेजारी लावला. दुपारपर्यंत एका गटाचा कार्यकर्ता येऊन विचारून गेला, “गुरुजी, तुम्हाला कुणी बसवलं?” संध्याकाळी दुसऱ्या गटाच्या कार्यकर्त्याने तोच प्रश्न विचारला. नगर जिल्ह्यात माणूस आपणहून बसतो, हे कुणाला पटत नाही. रात्रीतून तक्ता गेला. पाण्याची सूचना राहिली, आणि पाणी खरोखरच उशिरा आले.

मग वळलो मुख्य विषयाकडे: मतदान. कोणत्या विधेयकाला आपला खासदार ‘होय’ म्हणाला आणि कोणत्याला ‘नाही’, याची मी रकानेवार वही आखली. ‘होय’ला हिरवी शाई, ‘नाही’ला लाल, तटस्थाला पिवळी. लोकसभेतल्या बटणांचे रंग हेच. वही देखणी झाली. अडचण एकच होती, तीत भरायला काही मिळेना.

कारण बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूचे ‘होय’ ओरडतात, विरोधातले ‘नाही’ ओरडतात, आणि कोणत्या बाजूचा गलका मोठा ते अध्यक्ष कानाने ठरवतात. कुणी मतविभाजन मागितले तरच घंटा वाजते, दारे बंद होतात आणि नावानिशी नोंद होते. एरवी कोण काय म्हणाले याचा कागद नसतो. कारखान्यावर उसाची ट्रॉली काट्यावर न घालता नुसती नजरेने मोजली तर आमचा शेतकरी काटाच उखडून नेईल. पण देशाचे कायदे असे अंदाजाने मोजले जातात, याबद्दल आमच्याकडे कुणाची तक्रार नाही.

मी मात्र हार मानली नाही. आवाजावरून पोरे पकडलेला माणूस मी! संसद टीव्ही लावला, कानात नातवाची यंत्रे घातली आणि शेकडो जणांच्या गलक्यातून आपल्या खासदाराचा ‘होय’ हुडकायला बसलो. एकदा तर अगदी ओळखीचा, आपल्याकडचा, खणखणीत ‘हो!’ ऐकू आला. मी टुणकन उठून वहीत हिरवी खूण केली. तेवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. गॅसवाल्याने जिन्यातून “सिलिंडर आणू का वर?” असे विचारले होते आणि तिने “हो!” म्हटले होते.

नावानिशी नोंद झालेली मतदाने हाताशी होती, ती मी अधाशासारखी भरली. २०२३ च्या सप्टेंबरात महिला आरक्षणाचे विधेयक: बाजूने ४५४, विरोधात २. त्या दोघांतले एक शेजारच्या औरंगाबादचे इम्तियाज जलील. २०२४ च्या डिसेंबरात ‘एक देश एक निवडणूक’ विधेयक मांडताना २६९ विरुद्ध १९८. २०२५ च्या एप्रिलमध्ये वक्फ विधेयकावर मध्यरात्रीनंतर २८८ विरुद्ध २३२. आकडे रंगीत शाईत फार शोभले. पण नीट पाहिले तर पक्ष कळला की मत कळत होते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेश मोडला तर खासदारकीच जाऊ शकते. माणूस निवडून आम्ही देतो आणि बटण पक्ष दाबतो. माझी वही पक्षांच्या चार ओळींत मावली असती. बाकी पाने मी दूधवाल्याच्या हिशेबाला दिली.

एव्हाना गावभर एक वेगळीच बातमी पसरली होती: गुरुजींना खासदारांचे सगळे वेळापत्रक ठाऊक असते. माझ्याकडे माणसे यायला लागली. कुणाची डीपी जळालेली, कुणाचे रेशनकार्ड अडकलेले. पण सगळ्यात जास्त आल्या लग्नपत्रिका. “तेवढी खासदारांपर्यंत पोहोचवा, आणि तुम्ही तर याच!” मी परोपरीने सांगितले की मी नुसता मोजणारा माणूस आहे. त्यांनी ते विनयात धरले.

अशाच एका लग्नाला मी नगर-कल्याण रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात गेलो. संसदेचे अधिवेशन चालू होते. निवेदकाने माईकवर गर्जना केली, “खासदारसाहेब दिल्लीत देशाच्या कामात असल्याने त्यांच्या वतीने, त्यांचे जिवाभावाचे स्नेही, आदरणीय गुरुजी!” मी मागे वळून पाहिले की कोण हे गुरुजी. तोवर डोक्यावर फेटा, अंगावर शाल आणि हातात नारळ आला होता. माझ्या पुढ्यात माईक होता आणि समोर हजारभर भुकेली माणसे.

शहाण्या माणसाने ‘नांदा सौख्यभरे’ म्हणून खाली उतरावे. पण इतका मोठा वर्ग मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. मी खाजगी सदस्यांच्या विधेयकांवर बोललो. शुक्रवारी दुपारी ती घेतात, स्वातंत्र्यापासून जेमतेम १४ मंजूर झाली आणि शेवटचे मंजूर झाले १९७० मध्ये, हे सांगताना माझा आवाज भरून आला. प्रश्नोत्तराच्या तासाकडे वळलो: रोज २० तारांकित प्रश्न, २३० अतारांकित, सूचना १५ दिवस आधी, नंबर सोडतीने. नवरीचा मामा कानाशी येऊन म्हणाला, “गुरुजी, मुहूर्त!” मी म्हणालो, “हरकतीचा मुद्दा शेवटी घ्या.” मग भटजींनी दुसऱ्या माईकवरून मंगलाष्टक सुरू केले आणि माझे भाषण आवाजी मतदानाने फेटाळले गेले.

पंगतीत माझ्या शेजारी नेप्तीच्या बाजारात कांदा घालणारा एक म्हातारा शेतकरी बसला होता. एवढ्या मंडपात माझे भाषण ऐकलेला तो एकटाच. जिलबी मोडत त्याने विचारले, “गुरुजी, कांद्याची निर्यात बंद केली तव्हा कुणी कुणी बटान दाबलं, तेवढं वहीत बघून सांगा.”

मी वही पाहिली. मग सगळे पाहिले. कुणीच दाबले नव्हते. २०२३ च्या डिसेंबरात, हिवाळी अधिवेशन चालू असताना, विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली आणि निर्यात बंद झाली. २०२४ च्या ४ मे रोजी दुसरी काढली आणि बंदी उठली. नगरचे मतदान १३ मे रोजी होते. मधल्या काळात आमच्या कांद्याचे जे झाले ते झाले, पण त्यासाठी ना घंटा वाजली, ना दारे बंद झाली. ज्या निर्णयाने नगर जिल्हा रडला तो मतदानाच्या रकान्यात बसतच नाही. तिथे खासदाराच्या हातात बटण नसते. त्याच्या हातात एक प्रश्न असतो, आणि मंत्र्याला त्याचे छापील उत्तर द्यावे लागते. तो प्रश्न खासदाराला सुचायचा तर कुणी तरी तो त्याच्या कानावर घालायला हवा. आम्ही इतकी वर्षे त्याच्या कानावर मुहूर्त घालत आलो.

२०२४ च्या निवडणुकीत आमच्याकडे संसदेवर चर्चा झाली नाही असे नाही. कडाक्याची झाली, पण ती उमेदवाराला इंग्रजी येते का, यावर. निलेश लंके निवडून आले, त्यांनी शपथ इंग्रजीत घेतली आणि शेवटी ‘रामकृष्ण हरी’ म्हटले. आमच्या कट्ट्याने ती चित्रफीत महिनाभर पाहिली. त्यानंतरच्या एकाही प्रश्नाचे उत्तर कट्ट्यावर कुणी उघडलेले मला आठवत नाही.

म्हणून मी हजेरी सोडली आणि एक प्रश्न लिहिला. कांदा निर्यातीवर बंदी घालण्याआधी उत्पादकांना किती दिवसांची पूर्वसूचना देणार, एवढाच. त्या शेतकऱ्याचा अंगठा घेतला, कट्ट्याच्या सह्या घेतल्या, आणि या वेळी प्रत्येकाला मोठ्याने वाचायला लावून घेतल्या. लिफाफा नेऊन एका कार्यकर्त्याच्या हातात दिला. कोणत्या पक्षाचा ते विचारू नका, आमच्याकडे ते दर आठवड्याला बदलते.

त्याने लिफाफा न उघडता डायरी काढली.

“मुहूर्त?”

“अकरा वाजता. प्रश्नोत्तराचा तास.”

“कार्यालय कोणतं?”

“संसद भवन, नवी दिल्ली.”

त्याने सगळे लिहून घेतले आणि मान वर न करता विचारले, “गुरुजी, पार्किंग आहे ना?”