मिलिमीटरभर मोठेपणा

दर जानेवारीत लास व्हेगासला बंदूकधंद्याची जत्रा भरते. ‘शॉट शो’ म्हणतात तिला. आत फक्त धंद्यातल्या माणसांना प्रवेश, गिऱ्हाइकाला नाही. बरोबरच आहे. आपल्या खिशात कुठून हात घालायचा याची चर्चा चालू असताना गिऱ्हाइकाने शेजारी उभं राहणं बरं दिसत नाही. या जत्रेच्या आगेमागे वर्षाआड तरी एखाद्या नव्या काडतुसाचं बारसं उरकतं. पाळण्यात पितळेचं बाळ, आत्याच्या जागी कंपनीचं जाहिरात खातं, आणि कानात ‘कुर्र’ करून सांगायचं नाव म्हणजे एक आकडा आणि दोन-तीन इंग्रजी अक्षरं. पेढ्यांऐवजी पत्रकं वाटतात. हे बाळ आजवरच्या सगळ्या काडतुसांपेक्षा लांब मारतं, सरळ मारतं, वाऱ्याला भीक घालत नाही, असा त्या पत्रकाचा मथितार्थ. आजवरच्या सगळ्यांत त्याच कंपनीची आधीची चार बाळंही आली. त्यांच्या बारशाला वाटलेलं पत्रक याहून फारसं वेगळं नव्हतं.

या धंद्याचं मूळ दुखणं असं, की शिकारीची रायफल मोडत नाही. अमेरिकन सैन्याने १९०६ साली ‘थर्टी-ऑट-सिक्स’ नावाचं काडतूस स्वीकारलं. थिओडोर रूझवेल्ट अध्यक्षपद सोडून १९०९ मध्ये आफ्रिकेला शिकारीला गेले, तेव्हा त्या काडतुसाची रायफल त्यांच्या सामानात होती. कोलोरॅडोच्या डोंगरातला एल्क, म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊबंद, नर तीनशे किलोंच्या आसपासचा, आजही त्याच काडतुसाने निमूट पडतो. १९०६ नंतर एल्कांनी कातडी जाड करून घेतल्याची नोंद नाही. आजोबांनी घेतलेली रायफल नातवाला चालते. आणि नातू तिच्यातून वर्षाकाठी झाडतो किती, तर नेम तपासायला दहा-पंधरा बार आणि मोसमात एक, किंवा शून्य. अशा गिऱ्हाइकाच्या जिवावर कारखाना चालवायचा कसा? वस्तू झिजत नसेल, तर माणसाचं मन तिच्यावरून उडवावं लागतं. मॅग्नम काडतूस त्या कामी फार उपयोगी पडतं. एल्क आपला उगाच जाहिरातीतल्या फोटोपुरता. कंपनी ज्याच्या मागावर असते, त्याच्या घरी एक चांगली रायफल आधीच असते.

मॅग्नम म्हणजे थोडक्यात, गोळी तीच आणि मागे दारू जास्त. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये आपलं ‘.३७५ मॅग्नम’ काढलं ते मात्र खऱ्या गरजेपोटी. आफ्रिकेतलं अंगावर येणारं जनावर समोर होतं. या काडतुसाच्या पितळी केसच्या, म्हणजे वेष्टनाच्या, बुडाशी एक कडं होतं. केस इतकी निमुळती, की चेंबरमध्ये ती नेमकी कुठे अडावी यासाठी ते कडं लागायचं. पुढे १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या रॉय वेदरबी नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेला वेगाचं वेड लावलं. त्यांच्या मागोमाग विंचेस्टरने १९५८ ते १९६३ मध्ये .२६४, .३३८ आणि .३००, तर रेमिंग्टनने १९६२ मध्ये सात मिलिमीटरचं मॅग्नम आणलं. या सगळ्यांच्या केसला चांगला रुंद खांदा होता. अडायला कड्याची गरज उरली नव्हती. तरी कडं राहिलं, कारण बिनकड्याचं मॅग्नम गिऱ्हाइकाला मॅग्नम वाटेना. पन्नासेक वर्षं हा बिनकामाचा दागिना पितळेत घडवून विकला गेला. आणि मग नव्या पिढीच्या काडतुसांची मोठी जाहिरात कोणती? ‘आमच्याला कडं नाही!’

खरी बहार आली ती नव्या शतकाच्या तोंडावर. रेमिंग्टनने १९९९ मध्ये ‘अल्ट्रा मॅग’ आणलं. त्यात एवढी दारू, की आधीची मॅग्नमं उपाशी वाटावीत. दोनच वर्षांत उलटा साक्षात्कार झाला. लांब असणंच चूक. दारू बुटक्या, जाडजूड केसमध्ये जास्त नीट जळते, आणि रायफलही अर्ध्या इंचाने आखूड होते. मग विंचेस्टरचं ‘शॉर्ट मॅग्नम’ आलं, रेमिंग्टनचं ‘शॉर्ट ॲक्शन अल्ट्रा मॅग’ आलं. २००३ मध्ये विंचेस्टरला शॉर्टही लांब वाटलं, म्हणून ‘सुपर शॉर्ट मॅग्नम’. २००८ मध्ये रुगरचं ‘कॉम्पॅक्ट मॅग्नम’. एवढ्या गर्दीतून .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नमसारखं एखाद-दुसरं धडपणे टिकलं. सुपर शॉर्टवाल्यांच्या कपाटात रायफल शाबूत आहे, तेल-पाणी केलेली आहे, फक्त तिच्यात घालायचं काडतूस शोधत त्यांना दुकानं पालथी घालावी लागतात. तिकडचे शिकारी अशांना पोरकी काडतुसं म्हणतात. आमच्या मते पोरका होतो तो रायफलवाला. काडतुसाचे जन्मदाते चांगले खुशाल असतात आणि पुढच्या बाळाच्या तयारीला लागलेले असतात.

खुशाल म्हटलं, पण तेही पुरतं खरं नाही. विंचेस्टर रायफलींचा न्यू हेवनचा जुना कारखाना २००६ मध्ये बंद पडला. रेमिंग्टनने २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरी पुकारली. त्यामागची कारणं वेगळी आणि मोठी होती, बिचाऱ्या काडतुसांवर खापर फोडायला नको. पण सारखा पाळणा हलता ठेवला की घराण्याची भरभराट होते, हा सिद्धांत काही त्यातून सिद्ध झाला नाही.

मध्येच एक गंमत झाली. २००७ मध्ये ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या नेमबाजी मैदानावर झालेल्या गप्पांतून हॉर्नडी कंपनीत ‘६.५ क्रीडमूर’ नावाचं काडतूस आकाराला आलं. मॅग्नम नाही, आव नाही. दारू बेताची, धक्का मवाळ, उद्देश निशाणाच्या कागदाला भोकं पाडायचा. गोळी लांबट आणि निमुळती, म्हणून वाऱ्यात कमी ढळणारी. आणि खांद्याला दणका बसणार नाही ही खात्री असल्यामुळे घोडा दाबताना माणूस डोळे मिटत नाही. सबब गोळी जिथे धरली तिथे लागते. हे साधं काडतूस तुफान खपलं. मिशीवाल्यांनी आधी त्याच्यावर विनोद केले, मग बायकोच्या नावावर घेतलं. धंद्याने यातून धडा घेतला तो असा: लोकांना कमी दारूचं काडतूस आवडलंय, तेव्हा आता त्यातच जास्त दारू घालू. २०१८ मध्ये ‘६.५ पीआरसी’ आलं, पाठोपाठ ‘.३०० पीआरसी’ आणि २०२२ मध्ये ‘सात पीआरसी’. यांची केस कुठली? रुगरच्या .३७५ वरून बेतलेली, म्हणजे त्या कॉम्पॅक्ट मॅग्नमच्याच घराण्यातली. काका कोणाला आठवत नाही, पुतण्यांनी मात्र नाव काढलं.

पीआरसी म्हणजे ‘प्रिसिजन रायफल कार्ट्रिज’. नावात मॅग्नम नाही, हे चाणाक्षांच्या लक्षात आलं असेल. साठ वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाला बलदंड व्हायचं होतं, तर त्याला ताकद विकली. आता त्याच्या हातात फोन आहे, फोनमध्ये गोळीचा मार्ग काढणारं ॲप आहे, आणि त्याला शास्त्रज्ञ व्हायचं आहे, तर त्याला अचूकपणा विकतात. सात पीआरसीमध्ये भरायची दारू आणि १९६२ च्या सात रेमिंग्टन मॅग्नममध्ये भरायची दारू जवळपास सारखीच आहे, हे या दोन्ही गिऱ्हाइकांना सांगायचं नाही.

नव्यांत एक सुधारणा मात्र खरी आहे, ती नाकारणं लबाडी होईल. लांब गोळी हवेत डगमगू नये म्हणून तिला जास्त फिरकी लागते. जुन्या सातच्या नळीतला पीळ साधारण सव्वानऊ-साडेनऊ इंचांत एक वेढा घेतो, नव्याचा आठ इंचांत. केसही अशी आखलेली, की लांब गोळी मॅगझिनमध्ये मावते. १७५ ग्रेनची गोळी सेकंदाला तीन हजार फुटांच्या वेगाने निघते आणि लांबवर वेग टिकवून धरते. हे सगळं खरं. मग जुन्याच काडतुसाला नव्या पिळाची नळी का बसवली नाही? काहींनी बसवली की. पण ‘नळीचा पीळ बदलला’ एवढ्या मथळ्यावर कोण खिशातून कार्ड काढतो?

आता थोडं मोजमाप. ६.५ वाल्यांची गोळी ०.२६४ इंच जाड, .२७० ची ०.२७७, सातची ०.२८४ आणि थर्टीची ०.३०८. सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत जाड यांच्यात अंतर ०.०४४ इंच, म्हणजे एक मिलिमीटर आणि वर किंचित. एवढ्या जागेत शंभर वर्षांचा बाजार, मासिकं, ग्रंथ आणि भांडणं मावली आहेत. जॅक ओ’कॉनर नावाच्या लेखकाने .२७० ची बाजू हयातभर लावून धरली. एल्मर कीथला जाड, जड गोळीशिवाय काही पसंत नसे. दोघांचं छापील वैर अमेरिकेभर वाचलं जाई. आम्हा सदरवाल्यांना या मंडळींचा निव्वळ हेवा वाटतो. आमचा विषय तीन आठवड्यांत शिळा होतो.

सातचीच गोष्ट घ्या. ‘कारामोजो’ बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यांतले बरेचसे सात मिलिमीटरच्या माउझरने. गोळी १७३ ग्रेनची, वेग सेकंदाला २३०० फुटांच्या आसपास. हत्तीची कवटी उभी चिरून मेंदू कुठे असतो ते त्याने आधी पाहून ठेवलं होतं, त्यामुळे जास्त दारूची गरज पडली नाही. हजार हत्ती मारणं हे काही भूषण नव्हे, पण हिशेब म्हणून पाहा: जाडी तीच, वजन जवळपास तेच, हत्तीला २३०० पुरले आणि एल्कला ३००० लागतात. याच काडतुसाला रिग्बीच्या दुकानात .२७५ म्हणत. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना बक्षीस मिळालेली रायफल याच काडतुसाची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे बंदुकीचा बार कपाटातल्या पुस्तकातच होतो, तिथे कॉर्बेटसाहेबांना काडतूस कमी पडल्याची तक्रार आमच्या वाचनात नाही.

आमचा एक आतेभाऊ डेन्व्हरला असतो. संगणकातला माणूस, कचेरीतल्या मित्रांच्या नादाने शिकारी झाला. मागे त्याचा फोन आला.

“दादा, सात पीआरसी घेतली.”

“का रे, आधीची बिघडली?”

“छे, ती उत्तम आहे. पण ही हजार यार्डांवर काम करते.”

“गेल्या खेपेला तुझा एल्क किती लांब होता?”

“दोनशे यार्ड असेल.”

“मग?”

“मग काय? दहा हजार फुटांवर चढून गेलेलो. धाप लागली होती, दुर्बिणीत एल्कऐवजी आकाशच दिसत होतं. तेवढ्यात तो गेला.”

“धापेवर काही काडतूस निघालंय का?”

“दादा, तुला यातलं कळत नाही.”

हे खरंच आहे. म्हणून हजार यार्डांचं गणित आम्ही जाणकारांकडून समजून घेतलं. तेवढं अंतर कापायला गोळीला सव्वा-दीड सेकंद लागतो. एल्कला एक पाऊल पुढे टाकायला तेवढा वेळ भरपूर झाला. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला, तर उत्तम गोळीसुद्धा चारेक फूट बाजूला जाते. आणि दरीच्या मध्यावर वारा किती आहे ते फोनला कळत नाही. खुद्द रूझवेल्टांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्या क्लबनेही लांबून मारण्याच्या या हौसेबद्दल नापसंती दाखवली आहे. जास्त दारूचा धक्काही जास्त. त्यावर उपाय म्हणून नळीच्या तोंडाला भोकांचं बूच बसवतात, मझल ब्रेक. त्यातून वायू आडवा फेकला जातो आणि खांदा वाचतो. आवाज कुठे जातो? शेजारी झोपून दुर्बीण लावलेल्या मित्राच्या कानात. मित्रच तो, चालवून घेतो.

एवढं करून बाजारात शेवटी टिकतं कोण? गावातल्या दुकानाच्या फळीवर ज्याचं खोकं हमखास सापडतं तो. २०२० नंतरच्या टंचाईत हे सगळ्यांना कळलं. कारखाने जास्त खपाची काडतुसं आधी करत राहिले, आणि नवलाईच्या मॅग्नमवाल्यांनी तीन-तीन हजार डॉलरच्या रायफली भिंतीला टेकवून वाट पाहिली. थर्टी-ऑट-सिक्सवाला तेव्हाही कुठून तरी एक खोकं पैदा करत होता, आजोबांच्या फडताळातून का होईना. पण हे सांगून नवी रायफल विकता येत नाही, त्यामुळे कोणी सांगत नाही.

२०२५ च्या जानेवारीत फेडरल कंपनीने ‘सात बॅककंट्री’ आणलं. केस पितळेची नाही, पोलादी मिश्रधातूची. आतला दाब चौरस इंचाला ८०,००० पौंडांपर्यंत. सात पीआरसीची मर्यादा ६५,०००. जो वेग पीआरसीला २४ इंची नळीतून मिळतो, तो याला २० इंचीतून मिळतो. वाचलेल्या चार इंचांच्या जागी सायलेन्सर बसवावा, अशी सोय. सात पीआरसीला तेव्हा तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती. आतेभावाचा फोन आला नाही, मजकूर आला. तिथल्या मराठी मित्रांत फिरवायचा आहे, शुद्धलेखन तेवढं बघून दे म्हणाला:

‘विकणे आहे. सात पीआरसी रायफल, दुर्बिणीसह. फक्त नेम तपासण्यापुरती वापरलेली. एल्क, हरिण इत्यादींना स्पर्शही नाही. सोबत काडतुसांची दोन खोकी, पैकी एक न फोडलेले. व्यवहार कायद्याप्रमाणे दुकानातूनच, पार्श्वभूमीची तपासणी करून. विकण्याचे कारण : नळी चार इंच जास्त.’