चार एक्सवरच मारा!

सीडी मारून देणारे काका प्रत्येक सोसायटीत होते. वाचकांनी आपापले डोळ्यांपुढे आणावेत. चष्म्याचा नंबर तेवढा बदलेल. साधारण 2003 सालचा काळ. टेबलावर कोऱ्या सीडींचा पन्नासचा डबा, पडद्यावर जळत्या कलोसियमचं चित्र असलेलं सीडी लिहिण्याचं सॉफ्टवेअर ‘नीरो’, आणि तोंडी एकच मंत्र: ‘चार एक्सवरच मारायची!’

ड्राइव्हवर ठळक अक्षरांत 52 एक्स हा वेग लिहिलेला असे. काका म्हणत, ‘ते विकण्यापुरतं.’ बावन्नला तीनेक मिनिटांत भरणारी 700 एमबीची सीडी चारला वीस मिनिटं घेते. शिवाय काका नंतर व्हेरिफाय करणार. म्हणजे प्रोजेक्टची उद्या शेवटची तारीख असलेलं शेजारचं पोर तासभर तरी अडकलं. त्या तासात माउसला हात लावायचा नाही, अँटिव्हायरस बंद, स्क्रीनसेव्हर बंद. स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज आला की काका तिथूनच ओरडत, ‘अगं, सीडी चाललीय!’ चटणी थांबायची.

या भीतीला आधार होता. सुरुवातीच्या रायटरमध्ये लेझर एकदा सुरू झाला की मध्ये थांबू शकत नसे. माहितीचा ओघ क्षणभर तुटला की सीडी वाया. 2000 साली सान्योनं ‘बर्न-प्रूफ’ तंत्र आणून हे दुखणं मिटवलं. काकांच्या ड्राइव्हमध्येही ते होतं. पण काकांचा विश्वास तंत्रावर नव्हता, चार एक्सवर होता.

मग काकांनी सीडी-आरडब्ल्यू आणली. हजार वेळा पुसा, हजार वेळा लिहा! एका सीडीत जन्म निघणार म्हणून काकूही खूश. या तबकडीत चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियमचा थर असतो. लेझरच्या कमी-जास्त उष्णतेनं तो स्फटिकरूप होतो किंवा विस्कटतो, म्हणून पुन्हा लिहिता येतं. मात्र साध्या सीडीच्या मानानं ती प्रकाश फारच कमी परतवते. परिणामी काकांनी प्रेमानं भरून दिलेली भावगीतं तळमजल्यावरच्या जुन्या प्लेअरनं ओळखलीच नाहीत. ‘नो डिस्क’ म्हणाला आणि गप्प बसला.

पुसण्याचे दोन प्रकार. झटपट पुसलं तर फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर तसाच राहतो. काकांना हे चालणं शक्यच नव्हतं. ‘झाडलेलं घर आणि पुसलेलं घर यात फरक असतो,’ म्हणत ते पूर्ण पुसायला लावायचे. चार एक्सवर, अर्थात. बाजारात दहा एक्सच्या आरडब्ल्यूही आल्या होत्या. त्या जुन्या रायटरला वाचता यायच्या, लिहिता यायच्या नाहीत. काकांनी दुकानदाराशी तासभर वाद घातला, तोही आपल्याच गतीनं.

एकदा त्यांनी आरडब्ल्यू फ्लॉपीसारखी वापरता यावी म्हणून यूडीएफ पद्धतीनं फॉरमॅट केली आणि पुतण्याचं सादरीकरण तिच्यावर ओढून टाकलं. कॉलेजच्या मशीनवर ती कोरी दिसली. काकांचा निकाल तयार होता: ‘त्यांच्याकडे यूडीएफ रीडर नाही. त्यात सीडीचा काय दोष?’ गुण पुतण्याचे गेले.

खरं सांगायचं तर मंत्रही पुरता बरोबर नव्हता. पुढच्या काळातल्या सीडी-आरवरचा रंगथर जास्त वेगासाठीच बनवलेला होता. फार हळू लिहिलं तर काहींवर चुका उलट वाढत. हे काकांना सांगणारा मुलगा पुन्हा त्यांच्याकडे फिरकला नाही.

तरीही एक गोष्ट सांगायलाच हवी. वरच्या मजल्यावरच्या आजींकडे त्यांच्या गेलेल्या यजमानांच्या आवाजातल्या कॅसेट होत्या. कॅसेटची सीडी करायची तर ती टेपवर जशीच्या तशी वाजू द्यावी लागते. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेणार. तिथे चारही नाही, एक एक्स. काका प्रत्येक कॅसेट पूर्ण ऐकत बसले, मधला खोकला काढू का म्हणून आजींना विचारून आले, आणि नको म्हटल्यावर तो राहू दिला. पैसे घेतले नाहीत. कोरी सीडीसुद्धा परत घेतली नाही. वर मार्करनं नाव, तारीख आणि कोपऱ्यात ‘4x’.

आता बहुतेक लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो. तुमच्या कपाटात अशा तबकड्या पडून असतील तर त्यांतलं सगळं हार्डडिस्कवर उतरवून घ्या. आरडब्ल्यू आधी, त्यांचा भरवसा कमी. ड्राइव्ह नसेल तर काकांकडे जा, त्यांच्याकडे दोन आहेत. फक्त संध्याकाळ मोकळी ठेवून जा.