कॅम्डनच्या मायबाप आयुक्तांस

सन्माननीय आयुक्त मंडळ, कॅम्डन काउंटी, जॉर्जिया, अमेरिका यांस,


पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. 2012 पासून दहाएक वर्षं आपण जेमतेम 55 हजार वस्तीच्या काउंटीला अवकाशतळाचं स्वप्न दाखवलंत आणि त्यापायी सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलर खर्ची घातलेत. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायलाही मन मोठं लागतं. तिथून कक्षेत मात्र एकही रॉकेट गेलं नाही.

जागाही काय हेरलीत! थायोकॉल कंपनीचा जुना कारखाना. 3 फेब्रुवारी 1971 ला तिथे युद्धासाठी प्रकाशबाण बनवताना स्फोट झाला आणि 29 कामगार गेले. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. पुढे युनियन कार्बाइडच्या ताब्यात आलेल्या या जमिनीत घातक कचरा पुरलेला आहे. अशी सुमारे 4 हजार एकर जमीन जनतेच्या गळ्यात बांधायला निघालात, केवढी ही माया!

रॉकेटचा मार्ग लिटल कंबरलँड बेटावरून नेलात, त्याबद्दल तिथल्या घरमालकांनी आपले पाय धरायला हवेत. शेजारच्या कंबरलँडच्या संरक्षित किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात, रानघोडे चरतात, लोक तंबू ठोकून राहतात. या बेटांना पूल नाही. चढता चढता रॉकेट फुटलं आणि पेटते तुकडे ओकच्या रानात पडले, तर माणसांनी पळायचं कुठे? हे विचारणाऱ्यांना विकासाचे शत्रू ठरवू नका हो.

20 डिसेंबर 2021 ला केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाने तळाचा परवाना दिला. तो मिरवलात, छान केलंत. पण प्रत्यक्ष उड्डाणासाठी वेगळा परवाना लागणार होता, आणि तो मिळेलच असं प्रशासनाने कुठेही म्हटलं नव्हतं, हेही तितक्याच मोठ्या आवाजात सांगितलं असतंत तर? उडवणार कोण होतं? 2017 मध्ये व्हेक्टर कंपनीचं एक चाचणी रॉकेट इथून थोडंसं वर गेलं होतं. 2019 मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत निघाली.

मग लोकांनी दारोदार सह्या गोळा केल्या, सार्वमत घ्यायला लावलं. 8 मार्च 2022 ला 72 टक्के मतदारांनी जमीनखरेदी फेटाळली. असा स्पष्ट कौल कुठल्या राज्यकर्त्याच्या नशिबी येतो? आणि आपण काय केलंत? तो कौलच बेकायदा ठरवून घ्यायला कोर्टात भांडत राहिलात, त्याच मतदारांच्या पैशाने. जुलै 2022 मध्ये जमीनमालक कंपनीने व्यवहारातून अंग काढून घेतलं. तरी आपण मागे हटला नाहीत. अखेर फेब्रुवारी 2023 मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदारांचा हक्क मान्य केला. सह्यांसाठी उन्हातान्हात फिरलेल्या त्या माणसांना माझा दंडवत. तो आपल्यासाठी नाही.

आता हात जोडून एकच मागणं. सल्लागार, वकील, जमीन, अहवाल असा खर्चाचा कलमवार हिशेब वूडबाइनमधल्या आपल्या कचेरीबाहेर लावा, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांत. आणि मतदारांविरुद्ध लढलेल्या खटल्याचा खर्च त्यात वेगळा दाखवा.

आपला विनम्र,
एक वाचक