बोंबलाचा खरीप

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आणि वर्सोव्यात बांबूच्या वलांडीवर वाळणारा बोंबील एका बैठकीत पीक झाला. आता वीजही शेतकऱ्याच्या दराने मिळणार म्हणे. बाकीचे शेतकरी जूनमध्ये पेरणीला लागतात. या कोळी शेतकऱ्याला मात्र 1 जून ते 31 जुलै शेतात उतरायलाच बंदी. पण कागदावर हंगाम कोण पाहतो?

खरे तर बोंबलाला वीज लागतच नाही. तो उन्हात वाळतो, आणि उन्हाचा परवाना अजून कोणत्याही कंपनीने घेतलेला नाही. वीज लागते बर्फाला. लाद्या नसतील तर पापलेट बोटीतच नासते. वीजदरपत्रकात बर्फाचा कारखाना डाळमिल आणि लाकूड कापणाऱ्या गिरणीच्या पंगतीत, म्हणजे उद्योगात बसत आला आहे. मासा शेतकरी, त्याचा बर्फ कारखानदार!

मंत्रिमंडळ दर्जा देते, दर ठरवतो वीज नियामक आयोग. 2003 च्या वीज कायद्याचे कलम 65 तर फारच रोखठोक आहे: सरकारला कोणाला सवलत द्यायची असेल, तर तिची रक्कम आधी मोजावी. उधारीवर उदार होण्याची सोय त्यात नाही. नाहीतर मग शेतीने कमी भरायचे आणि उद्योगाने जास्त, हा जुना क्रॉस-सबसिडीचा खेळ आहेच. त्यात बर्फवाला नाखव्याची सवलत स्वतःच्याच खिशातून भरेल.

उरला मुंबईच्या उपनगरांतला घरगुती ग्राहक. बीएसईएस, रिलायन्स आणि 2018 पासून अदानी, अशी बिलावरची नावे त्याने पाहिली. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटांचीही घरोघरी वीज विकायची वाट मोकळी केली आणि पुढच्याच वर्षी आयोगाने कंपनी बदलायची मुभा दिली: तारा रिलायन्सच्या, बिल टाटांचे. स्पर्धा म्हणतात ती हीच.

आणि वीज येते कुठून? उपनगरांसाठी 1995 पासून डहाणूचे 500 मेगावॉटचे औष्णिक केंद्र कोळसा जाळत आले. तिथल्या चिकूची बाजू घ्यायला 1996 मध्ये पर्यावरण प्राधिकरण आले. धुरातले गंधक काढणारे संयंत्र लागायला 2007 उजाडले. यंत्रे थंड करणारे पाणी खाडीतून येते आणि कोमट होऊन खाडीतच जाते. म्हणजे मासे डहाणूत शेकायचे आणि वर्सोव्यात त्याच विजेने गोठवायचे.

बंदीच्या दोन महिन्यांत बोटी किनाऱ्याला लागतात, बर्फाचे गिऱ्हाईक आटते. बिलातला स्थिर आकार मात्र दरमहा येतो. त्याला प्रजननकाळाची सुट्टी नाही.