सात टिचक्या

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’ नावाची एक ओळ असते. तिच्यावर सात वेळा टिचकी मारली, की तुम्ही आता डेव्हलपर झालात असं फोन स्वतःच जाहीर करतो. याच पदवीसाठी माझ्या पुतणीची चार वर्षं आणि तिच्या बापाचा रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा गेला. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी, ओट्यावर बसून, चहा निवायच्या आत झालो.

आमचं भाजे गावात घरगुती जेवण. पावसाळ्यातल्या रविवारी मळवलीला लोकल थांबली, की अर्धं पुणं धबधब्याकडे आणि लोहगडाकडे निघतं आणि परतताना ओलंचिंब, भुकेलं होऊन आमच्या दारात उभं राहतं. पिठलं-भाकरीची किती ताटं गेली, याचा हिशेब ही भिंतीवर कोळशाने रेघा ओढून ठेवते. मला वाटलं, याचं ॲप करावं. एक आकडा, एक बटण. बटण दाबलं की ताट वाढलं.

भाषा शिकायची ती कोटलिन. सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका बेटाचं हे नाव. ही भाषा २०११ साली जगापुढे आली आणि २०१७ साली गुगलने तिला अँड्रॉइडसाठी मान्यताही देऊन टाकली. आपल्या मराठीला अभिजात दर्जा मिळायला २०२४ उजाडलं, असो.

माझ्या लॅपटॉपची रॅम ४ जीबी. त्यात ॲप बांधून देणारा ग्रेडल नावाचा एक कारभारी बसलेला असतो. आपण एक शब्द बदलला तरी तो सगळं दप्तर पुन्हा मांडतो. त्याने बैठक मारली, की मी पायऱ्या चढून लेण्यांकडे जातो आणि चैत्यगृहात टेकतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे काम. खांब बघावेत तर सगळे आत कललेले. का? तर आधीची चैत्यगृहं लाकडाची असत आणि छताचा भार तोलायला त्यांचे खांब तसे कलते ठेवावे लागत. हे तर अखंड कातळातलं. इथे खांबांना कसली चिंता? तरी कारागिरांनी ते कलतेच कोरले. वर कमानीला लाकडी फासळ्याही बसवल्या. त्यांच्यावर काडीचाही भार नाही, पण आजही त्या जागच्या जागी आहेत. मला तर गहिवरूनच आलं. माझ्या ॲपमध्येही इकडून तिकडून उचललेल्या चाळीसेक ओळी आहेत. त्या काय करतात ते मला ठाऊक नाही, आणि त्या काढायची माझी छाती नाही.

पहिल्या रविवारी दुपारपर्यंत बेचाळीस ताटं गेली. चष्मा आत राहिला होता, आकडा मोठा दिसेल म्हणून मी फोन आडवा धरला. पडद्यावर शून्य!

पुतणीला फोन लावला. ती म्हणाली, “काका, फोन आडवा केला की अँड्रॉइड जुना पडदा मोडतो आणि नवा मांडतो. आकडा जपून ठेवायला सांगितलं होतं का तुम्ही त्याला?”

“लक्षात ठेव, असं लिहिलंय की मी. रिमेंबर!”

“तेवढ्याने नाही भागत. तिथे रिमेंबरसेव्हेबल लिहायचं.”

म्हणजे लक्षात ठेव असं सांगायचं, आणि शिवाय विसरू नकोस असंही बजावायचं. आमच्या घरात किराणा आणायला निघताना मला हे दोन्ही ऐकावं लागतं, पण यंत्राचीही तीच गत असेल असं वाटलं नव्हतं. ही चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, “माझी भिंत नाही बाई कधी आडवी होत.”

तो एक शब्द बदलला. ग्रेडलने दप्तर मांडलं, मी लेण्यांवर जाऊन आलो. पुढच्या रविवारी फोन उभा, आडवा, उलटा, कसाही धरला तरी आकडा हलेना. संध्याकाळी ॲपवर चौसष्ट ताटं होती आणि भिंतीवर एकसष्ट रेघा. माझं बोट ओलं होतं, बटण दोनदा लागलं असेल. गल्ल्यातले पैसे मोजले. एकसष्ट ताटांचेच निघाले.