थकबाकीदारांची थोरवी

महानगरपालिका अधिनियम, 1949 अन्वये मालमत्ताकराच्या थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्तीची तरतूद असतानाही, जप्तीच्या नोटिसा निर्विकार चित्ताने स्वीकारून आणि दारात वाजणाऱ्या वसुलीच्या बँडचा रसिकतेने आस्वाद घेऊन, ‘अभय योजना’ जाहीर होईपर्यंत जे धीरोदात्तपणे स्वस्थ बसतात, त्या थकबाकीदारांचा यथोचित गौरव आपल्या शहरांनी अद्याप केलेला नाही, ही खेदाची बाब होय. पुणे महापालिकेने 2020 साली 50 लाखांपर्यंतच्या थकबाकीदारांना शास्तीत 80 टक्के सूट दिली, ती याच तपश्चर्येचे फळ. याउलट, सामान्य करातील 5-10 टक्के सवलतीवर समाधान मानून मुदतीपूर्वीच रांगेत उभा राहणारा उतावळा नागरिक, क्षमा करण्याचे पुण्य जोडण्याची पालिकेची संधीच हिरावून घेतो. शिवाय त्याच्याकडे कधी बँडही जात नसल्याने आळीतील मुलांचीही निराशा होते. सबब, अशा इसमांची नावे चौकाचौकांतील फलकांवर झळकवावीत, आणि यापुढे वेळेवर कर न भरण्याचे हमीपत्र त्यांनी रीतसर लिहून दिल्यास, आजवरच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांनाही एकवार अभय द्यावे.